रईसाभाभींच्या बाथरूमला हवा हवी होती

नशिराबादच्या शाळेत माझी बदली झाली आणि हायवेपासून आतल्या गल्लीत मी भाड्याने घर घेतलं. रईसाभाभींशी ओळख झाली ती त्याच आठवड्यात. मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते. शेजारच्या गच्चीवर पन्नाशीच्या, उंच, काटकुळ्या एक बाई दोरीवरचा एकेक टॉवेल काढून नाकाशी धरत होत्या आणि तोंड वाकडं करून परत बादलीत टाकत होत्या. त्यांनी मला नाव, गाव, जात, नवरा काय करतो, काही विचारलं नाही. मॅडम, तुमच्या बाथरूमला खिडकी आहे का, एवढंच विचारलं. मी आहे म्हटलं. "मग तुम्ही सुखी आहात," असं म्हणून त्या बादली घेऊन खाली गेल्या.

पुढे गच्चीवर, दारात, कधी शाळेच्या वाटेवर त्यांच्याकडून सगळं कळत गेलं. घरात त्यांची बोली हिंदी-उर्दूकडची, पण माझ्याशी त्या मराठीत बोलत, आणि वैताग फारच झाला तर माहेरच्या धरणगावकडची अहिराणी तोंडात येई. धरणगावला त्यांचे वडील कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते. घर पत्र्याचं, न्हाणी परसात, तीन बाजूंना कुडाच्या भिंती आणि वर आभाळ. अंघोळ करून बाहेर पडेपर्यंत फरशी वाळायला लागलेली असे. बुरशी नावाची गोष्ट त्यांना ठाऊक होती ती फक्त शिळ्या भाकरीवरची.

लग्न होऊन त्या नशिराबादला आल्या. नवरा मुख्तारभाई, हायवेला त्यांचं कूलरचं दुकान. पत्रा कापायचा, वाकवायचा, रंगवायचा, वाळ्याच्या जाळ्या बसवायच्या, सगळं स्वतः. उन्हाळाभर त्यांना जेवायला फुरसत नसे, पावसाळा लागला की कोठ्या, पेट्या, डबे बनवत. माणूस गोड. कधी आवाज चढवला नाही. भाभींनी काहीही सांगितलं की "करू" म्हणायचे. एवढा एकच शब्द. नळ गळतोय, करू. दाराची कडी निघाली, करू. भाभी म्हणायच्या, हा माणूस नाही म्हणाला असता तर मी दुसऱ्या कुणाकडून करून घेतलं असतं, पण करू म्हटल्यावर बायकोने काय करायचं?

भाभींचा स्वतःचाही धंदा होता. उन्हाळ्यात गच्चीवर ज्वारीचे बिबडे, म्हणजे शिजवलेल्या पिठाचे मोठे पापड, शिवाय साधे पापड आणि शेवया. त्यांचे बिबडे जळगावपर्यंत जात. तिळाचे, लसणाचे, कांद्याचे. मार्च ते मे त्या आणि गल्लीतल्या दोन बायका पहाटेपासून गच्चीवर असत. वाळलेला माल मुख्तारभाईंनी बनवलेल्या पत्र्याच्या डब्यांत भरून मधल्या खोलीच्या फळ्यांवर जाई आणि वर्षभर विकला जाई. त्या मधल्या खोलीच्या भिंतीपलीकडे बाथरूम होतं.

त्या बाथरूमची गोष्ट सांगायची तर सासरे वारल्यानंतरच्या वाटणीपर्यंत जावं लागतं. मुख्तारभाई आणि त्यांचे थोरले भाऊ हसीबभाई यांनी घर मधोमध वाटून घेतलं. बाथरूम मुख्तारभाईंकडे आलं, पण त्याचा झरोका उघडत होता हसीबभाईंच्या चौकात. त्यावरून शब्दाला शब्द लागला. मुख्तारभाई आयुष्यात एकदाच रागावले ते त्या दिवशी. दुपारी विटा आणि सिमेंट आणून त्यांनी तो झरोका स्वतःच्या हाताने बुजवून टाकला. त्या एका कामाला ते करू म्हणाले नाहीत, लगेच केलं, हे भाभी मला अनेकदा ऐकवत.

त्यानंतर बाथरूमला दाराशिवाय दुसरं भोक उरलं नाही. दार उघडायचं मधल्या खोलीत. पहिल्याच पावसाळ्यात छताच्या कोपऱ्यात राईएवढे काळे ठिपके आले. पुढच्या वर्षी ते हातभर पसरले. मुख्तारभाईंनी पाहिलं आणि सांगितलं, की गच्ची झिरपते. गच्चीवर डांबर ओतलं. ठिपके राहिले. मग म्हणाले, रंग हलका होता. बुरशी धरत नाही असं डब्यावर लिहिलेला रंग आणून मारला. तो रंग पापुद्रे होऊन अंघोळ करणाऱ्याच्या डोक्यावर पडू लागला. मग छतापर्यंत टाइल्स लावल्या, तर टाइल्सच्या सांध्यांत काळ्या रेघा आल्या. शेवटी त्यांनी असं मत दिलं, की रईसा फार कडक पाण्याने अंघोळ करते.

"लग्न झाल्यापासून पाणी मीच तापवते," भाभी मला म्हणाल्या, "आणि तेच पाणी ते अंगावर घेतात. त्यांची वाफ काय वेगळ्या रस्त्याने जाते?"

त्या दर पंधरा दिवसांनी स्टुलावर चढून ब्लीचिंगच्या पाण्याने छत घासत. डोळे चुरचुरत, खोकला येई. आठवडाभर पांढरं दिसे, मग परत राखाडी छटा चढे. टॉवेल आत वाळत नसत, साबण विरघळून वडी उरत नसे, दाराची चौकट फुगून पावसाळ्यात दार लागतच नसे. ते लागावं म्हणून मुलाने, फैजने, ते रंध्याने तासून घेतलं आणि फटीतून वाफ डब्यांच्या खोलीत येऊ नये म्हणून चारी कडांना रबराची पट्टी ठोकली. घरातल्या सगळ्यांना ते काम फार आवडलं.

फैजचं लग्न झालं, धुळ्याच्या देवपुरातली माहेनूर सून म्हणून आली. मुलगी शिकलेली, शांत. तिला लांब केस धुवायला वेळ लागे आणि गरम पाणीही लागे. त्यात तिची काही चूक नव्हती, पण घरात वाफ वाढली. त्या वर्षी पाऊसही लांबला. भाद्रपदात जळगावच्या एका गिऱ्हाइकाला बिबडे द्यायचे म्हणून भाभींनी कोपऱ्यातला डबा उघडला. वरचा बिबडा हातात घेतला तर तो वाकला. मोडला नाही, वाकला. खालच्यांवर हिरवट लव होती. त्यांनी दुसरा डबा उघडला, तिसरा उघडला. भिंतीला टेकलेल्या रांगेतला एकही डबा धड नव्हता. शेवयांनाही तोच वास लागला होता.

मी शाळेतून येत होते. भाभी दारात उभ्या राहून गोणीत माल ओतत होत्या. बकऱ्यांना घाला, असं कुणी तरी सुचवलं, तर त्या म्हणाल्या, बकऱ्यांनी काय गुन्हा केला? मला पाहून त्यांनी मधल्या खोलीकडे हात केला.

"बठ्ठा घरमा एकच भीत वली शे मॅडम, आन ती बी मना डबासना मांगे."

सगळ्या घरात एकच भिंत ओली आणि तीच नेमकी डब्यांमागची. उन्हाळाभर पाठ भाजून केलेलं काम गोणीत चाललं होतं. त्या रडल्या नाहीत. गोणी उकिरड्यावर रिकामी करवून घेतली, हात धुतले आणि तशाच दुकानावर गेल्या. गिऱ्हाइकं बसलेली असताना मुख्तारभाईंना त्यांनी सांगितलं, की आजपासून आपल्या घरात करू हा शब्द कुणी उच्चारायचा नाही.

मुख्तारभाईही हादरले होते. दुसऱ्याच दिवशी त्यांनी पंखा बसवला. बाथरूमच्या अर्ध्या भागावर, छताखाली, त्यांचा एक बंद माळा होता, सामान ठेवायचा. माळ्याच्या फळीत गोल भोक पाडून त्यांनी एक्झॉस्ट फॅन लावला. बटण दाबलं की वाफ भसाभस वर ओढली जाई. सगळे खूश झाले. मला बोलावून दाखवलं. मीही छान म्हटलं. ती वाफ माळ्यावरून पुढे कुठे जाते, हे आमच्यापैकी कुणी विचारलं नाही.

ती कुठेच जात नव्हती. थंडी सुरू झाली तेव्हा भाभींनी रजया काढायला माळा उघडला. रजया भिजल्यासारख्या जड झाल्या होत्या. माहेनूरच्या रुखवतात आलेल्या दोन मखमली रजयांवर काळे नकाशे उमटले होते. भाभींनी त्या रजया अंगणात आणून टाकल्या आणि मुख्तारभाईंना बोलावलं. त्यांनी एक रजई उलटीसुलटी करून पाहिली. मग म्हणाले, फॅन तर चांगला आहे, कंपनी चांगली आहे.

भाभी मला नंतर सांगत होत्या, की त्या क्षणी त्यांना हसावं की घर सोडावं ते कळेना. सुनेसमोर लाज वाटली. माहेनूर बिचारी म्हणाली, अम्मी, धुवून टाकू, जाईल. पण मखमल धुवून जात नाही हे तिलाही माहीत होतं.

आता एकच वाट दिसत होती, ती म्हणजे बुजवलेला झरोका. मुख्तारभाई भावाकडे जायला तयार नव्हते. भावाभावांचं बोलणं चालू होतं, ईदला गळाभेट होत होती, पण त्या झरोक्याचा विषय इतक्या वर्षांत कुणी काढला नव्हता. मग भाभीच गेल्या. डोक्यावर पदर घेऊन हसीबभाईंच्या चौकात बसल्या आणि सरळ म्हणाल्या, की झरोका उघडायचा आहे, तुमची हरकत असेल तर आजच सांगा.

हसीबभाईंनी चहाचा कप खाली ठेवला. "उघडा ना. मी बंद करा कधी म्हणालो होतो? कबुतरं आत शिरायची, जाळी बसव एवढंच म्हणालो होतो."

भाभी घरी येऊन पलंगावर बसल्या. नवऱ्याला विचारलं, की जाळीचं बोलणं झालं होतं का. मुख्तारभाई आठवू लागले. जाळी असा शब्द कानावर आला होता असं त्यांना वाटलं, पण भाऊ कोणत्या सुरात म्हणाला ते महत्त्वाचं, असं त्यांचं म्हणणं पडलं. एवढी वर्षं स्टुलावर चढून छत घासलं ते एका सुरासाठी, हे कळल्यावर भाभींनी त्या दिवशी स्वयंपाक केला नाही. माहेनूरने खिचडी टाकली.

रविवारी दोघा भावांनी मिळून विटा काढल्या. मी गच्चीवरून आवाज ऐकत होते. शेवटची वीट निघाली आणि घण थांबला. झालं असं होतं, की मधल्या काळात हसीबभाईंनी मुलांसाठी वरचा मजला चढवला होता आणि जिना घेतला होता तो त्याच भिंतीलगत. झरोक्यासमोर वीतभर अंतरावर जिन्याची आडवी भिंत उभी होती. त्या फटीत ना उजेड होता, ना वारा. कबुतराचं एक जुनं घरटं तेवढं होतं.

हसीबभाई ओशाळले, झरोका जिन्याआड गेल्याचं त्यांच्या ध्यानातच नव्हतं. जिना पाडतो म्हणाले. ते शक्य नाही हे त्यांनाही कळत होतं. भाभींनी दोघांनाही चहा दिला आणि कबुतरं शिरू नयेत म्हणून विटा परत लावून घेतल्या. त्या चिडल्या नाहीत, कारण कुणावर चिडायचं तेच त्यांना ठरवता येईना.

राहिला वरचा रस्ता, म्हणजे छत फोडून पाइप बाहेर काढणं. इथे मात्र मुख्तारभाई अडले. तो स्लॅब त्यांनी स्वतः उभं राहून टाकून घेतला होता. छताला भोक पाडलं की पाणी उतरणारच, आज नाही तर पाच वर्षांनी, असं ते म्हणत. भाभींनी समजावलं, फैजने समजावलं. ते उठून दुकानावर जात. आठवडाभर असंच चाललं.

मग एका सकाळी भाभी जेवणाचा डबा द्यायला दुकानावर गेल्या. एक शेतकरी तक्रार घेऊन आला होता. गेल्या उन्हाळ्यात नेलेला कूलर हंगामभर गार हवा देत नव्हता, खोलीत नुसतं चिकट व्हायचं. मुख्तारभाई त्याला समजावत होते. खोलीची खिडकी उघडी ठेवता का? नाही ना? मग कूलर आतली ओली हवाच फिरवत राहणार. हवा आत यायलाही वाट पाहिजे आणि बाहेर जायलाही. दोन्ही पाहिजेत, नाना.

शेतकरी जाईपर्यंत भाभी थांबल्या. मग डबा ठेवत म्हणाल्या, "हेच मला एकदा समजावून सांगा. मी पण तुमची गिऱ्हाईकच आहे."

मुख्तारभाईंनी डबा बाजूला सरकवला. दुपारी दुकान बंद करून घरी आले, टेप घेऊन गच्चीवर चढले आणि खडूने गोल काढला.

पुढचं काम मात्र त्यांनी असं केलं, की बघत राहावं. पाइप जस्ताच्या पत्र्याचा, सांधे झाळलेले. फॅन माळ्यावरून काढून पाइपाच्या तोंडाशी. गच्चीवर पाइपाभोवती सिमेंटचा उंच कठडा, पाणी लागू नये म्हणून. वर पत्र्याची टोपी, पाऊस आत जाणार नाही आणि वाफ चारी बाजूंनी निघेल अशी. माळ्याचं भोक बुजवलं. भाभींनी शेवटचं एकदा छत खरवडलं, ब्लीचिंगने धुतलं, पूर्ण वाळू दिलं आणि मग चुना मारला.

आणि तरीही महिन्याभरात आरशावरून पाणी ओघळायला लागलं. फॅन घुमत होता, पाइप सरळ होता, पण वाफ जागची हलत नव्हती. मुख्तारभाईंनी फॅन खोलून परत बसवला. फैजने मोठा फॅन आणायचं ठरवलं. भाभींनी त्याला थांबवलं. त्यांनी ऊद पेटवला, धुपाटणं घेऊन बाथरूममध्ये गेल्या, दार लावून फॅन सुरू केला आणि उभ्या राहिल्या. धूर त्यांच्याभोवतीच घोटाळत राहिला. मग त्यांनी दार हातभर उघडलं. धूर झपकन वर गेला.

त्या खोकत बाहेर आल्या आणि दाराच्या खालची रबराची पट्टी नखांनी ओढून काढायला लागल्या. आत हवा यायला जागाच ठेवली नव्हती, फॅन तरी काय ओढून बाहेर टाकणार? ही पट्टी ठोकली तेव्हा सगळ्यांनी फैजची पाठ थोपटली होती, स्वतः भाभींनीही.

दार खालून कापायचं ठरलं. माहेनूरला ते पटेना. मधल्या खोलीत पाहुणे बसलेले असतात, फटीतून पाय दिसतील, ती म्हणाली. तिचं म्हणणं बरोबर होतं. भाभींनी नवऱ्याकडे पाहिलं. मुख्तारभाईंनी कूलरच्या तोंडाला लावतात तशी आडव्या, तिरप्या पट्ट्यांची जाळी बनवली आणि दाराच्या तळाशी बसवली. तिच्यातून हवा जाई, नजर जात नसे. त्या संध्याकाळी सगळ्यांच्या अंघोळी झाल्यावर भाभी आत गेल्या आणि भिंतीवरून हात फिरवला. हात कोरडा आला. त्यांनी मला गच्चीवरून हाक मारून सांगितलं. त्या रात्री आमच्याकडे कढी आली.

यानंतर भाभी निवांत झाल्या असं कुणाला वाटेल. तसं झालं नाही. फैज फॅन लावायला विसरे. माहेनूर अंघोळ संपताच तो बंद करी, वीज वाचवायची म्हणून. ओल निघेपर्यंत चालू ठेवायचा असतो, हे भाभी दिवसातून कितीदा तरी ओरडून सांगत. मुख्तारभाई जाळीला पायपुसणं टेकवून ठेवत. आणि दुकानावर बसून प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत, की बाथरूमची ओल घालवायची असेल तर माझ्याकडे या, मी एक युक्ती काढली आहे. भाभी ते ऐकून कपाळाला हात लावत. पण पुढच्या पावसाळ्यात फळीवरचे डबे कोरडे राहिले आणि बिबडे हातात कडकन मोडले, एवढं खरं.

हिवाळ्यात माहेनूरच्या धाकट्या भावाचा साखरपुडा होता. देवपूरला जाताना भाभींनी मलाही सोबत घेतलं. माहेनूरच्या आईने मोठ्या हौसेने घर दाखवलं. नवा रंग, नवे पडदे. पोचल्यावर भाभी हातपाय धुवायला बाथरूममध्ये गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. माहेनूरने माझ्याकडे पाहिलं. तिला अंदाज आला होता. तिने हळूच जाऊन दारावर टकटक केली आणि दबक्या आवाजात सांगितलं, की अम्मी, आज नको, पाहुणे आहेत.

भाभी बाहेर आल्या, रुमालाने तोंड पुसलं, बैठकीत येऊन बसल्या. सरबत घेतलं, मुलीकडच्यांशी बोलल्या, अंगठी घालताना दुआ केली. जेवणं झाली. पाहुणे पांगले. आम्ही चपला घालायला उठलो. तोवर बाथरूमबद्दल त्या एक अक्षर बोलल्या नव्हत्या, आणि माहेनूरचा जीव भांड्यात पडला होता.

दारात माहेनूरच्या आईने त्यांचे हात धरले आणि काही राहून गेलं असेल तर माफ करा, असं म्हटलं.

"राहून काही गेलं नाही," भाभी म्हणाल्या. "पण तुमच्या बाथरूमच्या खिडकीला खोकं का लावलं आहे?"

थंडी येते म्हणून, असं उत्तर आलं. भाभींनी चपला काढल्या आणि पुन्हा आत गेल्या. आमची बस निघून गेली.